जमिनीवर बसू नये

"सैल झालाय," डॉक्टर मगदूम म्हणाले, आणि त्यांनी प्रकाशपेटीवरची फिल्म काढून पुन्हा लावली, जणू ती वाकडी लागल्यामुळेच आतला स्क्रू सैल दिसत होता.

फिल्मवर दस्तगीरचाचांची कंबर होती. पाठकण्याच्या शेवटच्या दोन मणक्यांत चार स्क्रू, त्यांना जोडून खाली उतरणाऱ्या दोन सळ्या, आणि सळ्यांच्या टोकांना दोन लांब, तिरपे स्क्रू. हे दोन कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड ओलांडून, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या पसरट हाडांत बोटभर खोल शिरलेले होते. माणसाचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाला जिथे भेटतो ती ही जागा. चाचा माळ्यावरून भोपळे उतरवताना शिडीसकट पडले तेव्हा ती मोडली होती, आणि डॉक्टरांनी ती धातूने सांधली होती. आता डाव्या लांब स्क्रूभोवती एक बारीक काळी रेघ उमटली होती. हाडाने धातूचा हात सोडला की मधे जे उरते, ते.

"आठ महिन्यांत," डॉक्टर म्हणाले. "तुझं मशीन काय म्हणालं होतं, उकिडवे?"

"दहा लाख वेळा ओढून झालं, डॉक्टर. काही हललं नव्हतं."

"मग हे काय हललंय?"

या गोष्टीला आता सतरा वर्षे झाली. मी पंचवीस वर्षांची होते. मिरजेपासून तासाभरावरच्या एका महाविद्यालयात यांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते, आणि कवितांखेरीज जगात काही खरे नाही अशा समजुतीत जगत होते. नवीन बनावटीचे हे लांब स्क्रू डॉक्टरांनी बारा रुग्णांना बसवले होते. त्यांची ताकद आमच्या प्रयोगशाळेत मोजणे हा माझा प्रबंध होता. बारांतले अकरा ठीक होते. चाचा सैल झाले होते.

"हे बघ," डॉक्टर म्हणाले. "स्क्रूचा दोष असेल तर स्पष्ट सांग, मी बाकीच्या अकरांना आजच बोलावतो. चाचांनी पथ्य मोडलं असेल तर तेही सांग. मग मी दुसऱ्यांदा हात लावणार नाही. मागं एकाचं दोनदा उघडून दुरुस्त केलं. तिसऱ्या महिन्यात पठ्ठ्या उसाच्या ट्रॉलीवर चढला. ज्याला ऐकायचं नाही, त्याला मी परत परत का फाडू?"

"आणि हात लावला नाहीत तर?"

"तर आणखी चार महिन्यांत सळी तुटेल. मग काठी, आणि मग पलंग." त्यांनी दिवा बंद केला. चाचांची कंबर अंधारात गेली. "पंधरा दिवस. माणूस की स्क्रू, एवढं सांग."

बाहेर चाचा भिंतीला टेकून उभे होते. साठीचे, शेलाटे. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या घराण्यातले. त्यांच्या नखांत लाखेचा तांबूस रंग कायमचा बसलेला असे. शेजारी बाकावर त्यांची बायको, हमीदाचाची, औषधांची पिशवी छातीशी धरून बसली होती.

"काय म्हणलं डॉक्टर?" चाचांनी विचारले. "तार जास्ती चढली का उतरली?"

"थोडी उतरलीय, चाचा."

"मंग चढवा की."

"तुम्ही सगळं पाळलं होतं ना? कागदावरचं?"

चाचांऐवजी चाचीच उठून उभी राहिली. "बाई, अल्ला शप्पत सांगते. अक्षर न् अक्षर पाळलंय ह्यांनी. आठ म्हैनं झालं, नमाजसुदीक खुर्चीवर पढत्यात. मशिदीत लोकं हसत्यात, 'साहेब आलं' म्हणून. तरीबी."

"तुमचा कागद म्या वलांडला न्हाई," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, नखातली लाख खरवडत, "पर बाई, ह्यापुढंबी काम करता यील न्हवं?"

कागद माझा होता. शस्त्रक्रियेनंतरच्या बारा सूचना. डॉक्टरांनी त्या औषध कंपनीच्या पॅडवर, जशा सुचतील तशा खरडून दिल्या होत्या. "तू कविता करतेस ना, जरा नीट मराठीत आण," म्हणाले होते. मी त्यावर दोन आठवडे घालवले. एकेक वाक्य घासले, एकेक जादा शब्द उपटला. आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ बाबरमामा म्हणाले, "बाईंचं मराठी म्हणजे कडक इस्त्री." डॉक्टर इतके खूश झाले की कागदाच्या तळाशी, मधोमध, ठळक टायपात, त्यांनी माझे आडनाव छापून घेतले. छापलेले स्वतःचे नाव मी त्याआधी दोनदाच पाहिले होते. दोन्ही वेळा कवितेखाली.

प्रयोगशाळेत मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हाडाइतक्याच घनतेच्या कृत्रिम फेसाच्या ठोकळ्यात स्क्रू फिरवून बसवायचा, मशीनच्या जबड्यात त्याचे डोके धरायचे आणि वर ओढायचे. किती जोराला तो उपटून निघतो हे पडद्यावरची रेघ सांगायची. रेघ चढत जायची, एका बिंदूशी थांबायची, कोसळायची. प्रत्येक वेळी तो बिंदू जिथे असायला हवा त्याच्या वरच. मी ठोकळे बदलले. फेस मऊ घेतला, म्हाताऱ्या हाडासारखा. स्क्रू तिरपा बसवला, उथळ बसवला, मुद्दाम वाईट बसवला. तरी तो चाचांच्या वजनाच्या दुपटीला पुरून उरायचा.

सहाव्या दिवशी मी जबड्याच्या लोखंडावर पाना आपटला.

"बसा हो, उकिडवेबाई," बाबरमामा म्हणाले. "खुर्चीवर. आडनावावर जाऊ नका."

ही गंमत ते रोज करत. आणि रोज, पंचवीस वर्षांची असूनही, माझे कान तापत. सहावीत असताना गणिताचे मास्तर "उकिडवे, बस!" म्हणत आणि सगळा वर्ग आपापल्या बाकावर उकिडवा बसून दाखवी, तेव्हा तापत तसेच. ज्या घराण्याचे नाव शौचाला बसायच्या पद्धतीवरून पडले, त्या घराण्यात जन्मलेल्या मुलीने कविता करू नये, असे मला तेव्हाच वाटले असावे. म्हणूनच मी केली.

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी आकड्यांचा तक्ता पाहिला. "यात शोधण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. "स्क्रू उत्तम आहे. लिहून टाक, 'रुग्णाने सूचनांचे पालन केले नाही.' सगळे हेच लिहितात."

"पण त्यांनी केलंय, सर."

"कशावरून?"

"ते नमाज खुर्चीवर पढतात."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "शाल्मली, ही नोंद तू अहवालात कुठल्या स्तंभात टाकणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला चाचांच्या घरी गेले. मला त्यांचा दिवस मोजायचा होता. किती चालतात, किती चढतात, किती बसतात. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. चाचांनी मला एकीवर बसवले, दुसरीवर स्वतः, पाठ ताठ ठेवून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे बसले. चाचीने चहा आणला. मी फितीने खुर्चीची उंची मोजली. पंचेचाळीस सेंटिमीटर. लिहिली.

"बसायला काही त्रास होतो?"

"कायबी न्हाई. सकाळी नवाला बसलो की एकला उठतो. मस्त बसतोय."

मी लिहिले : बसणे, सलग चार तास, विनातक्रार.

"वाकणं?"

"न्हाई. कागदात न्हाई म्हणलंय."

"ओझं?"

"भोपळा काय वज्जं झालं व्हय, बाई? सुकलेला भोपळा म्हंजे हवा. पर त्योबी हमीदा आणून देती."

मी वही मिटली. एवढ्या निर्दोष माणसाच्या कमरेत अडीच मिलिमीटरची पोकळी कुठून आली? माझ्या चेहऱ्यावर ते दिसले असावे, कारण चाचांनी विचारले, "तुमी तिकडं मशीनवर काय करता नेमकं?"

"स्क्रू ओढून बघते. किती जोरानं निघतो ते."

"वडून?"

"हो."

चाचा हळूच हसले. कोपऱ्यात एक तंबोरा भिंतीला टेकून ठेवला होता, तारा उतरवलेला. त्यांनी चाचीकरवी तो जवळ घेतला आणि एक खुंटी माझ्याकडे वळवली. "ही वडा."

मी ओढली. खुंटी हलली नाही.

"जोर लावा की. इंजिनेर न्हवं तुमी?"

मी दोन्ही हातांनी ओढली. तंबोराच माझ्याकडे सरकला. चाचीने पदर तोंडाला लावला.

"बैल लावला तरी न्हाई निघायची," चाचा म्हणाले. त्यांनी खुंटीचे डोके दोन बोटांत धरले आणि वर-खाली, वर-खाली, लहान मूल झोपवावे तसे हलवले. पाच-सहा वेळा. मग ती त्यांच्या तळहातावर येऊन पडली. "खुंटीला वढ मारत न्हाई, बाई. डूल मारतो. वढ ती सोसती. पर रोज जरा वर, जरा खाली, जरा वर, जरा खाली... भोक मोठं होतंय. तिचं तिलाबी कळत न्हाई."

आठ महिने, दीडशे ठोकळे, आणि मी ओढतच होते.

परत आल्या आल्या मी मशीनची मांडणी बदलली. आता स्क्रूच्या अक्षात ओढायचे नाही. त्याच्या डोक्याला आडवे धरून वर-खाली डुलवायचे, थोडेच, पण हजारो वेळा. बाबरमामा कुरकुरले, पण त्यांनी त्यासाठी नवीन पकड घडवून दिली. चाळीस हजार डुलांनंतर मी ठोकळा मधोमध कापला. स्क्रूच्या दोन्ही टोकांशी रुंद आणि मधे निमुळती अशी पोकळी पडली होती, डमरूच्या आकाराची. मी चाचांची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. ती काळी रेघ सगळीकडे सारखी नव्हती. वर रुंद, मधे बारीक, खाली पुन्हा रुंद. डमरू.

ते संपूर्ण वर्ष मी ज्यासाठी झटत होते तो आनंद मला त्या क्षणी झाला. तो जेमतेम तासभर टिकला.

कारण हिशेब जमेना. चालताना या सांध्यावर किती जोर पडतो हे ठाऊक होते, खुर्चीत बसताना किती हेही ठाऊक होते. दोन्ही मिळूनही माझ्या मशीनच्या एका डुलाच्या जोराच्या तिसऱ्या हिश्श्याला पोचत नव्हते. खुर्चीत नव्वद अंशात बसणाऱ्या, न वाकणाऱ्या, ओझे न उचलणाऱ्या माणसाचा स्क्रू इतका डुलणार कसा? मी आकडे उलटसुलट मांडले. कागदाची मागची बाजू भरली, मग टेबलावरच्या धुळीत बोटाने लिहिले. चौदावा दिवस उजाडला तेव्हा माझ्यापाशी 'कसे' होते, 'कशाने' नव्हते.

"मग मी काय सांगत होतो?" सर म्हणाले. त्यांनी अहवालाचे शेवटचे पान स्वतःच टंकून ठेवले होते. 'रुग्णाने सूचनांचे पालन केले नाही, असा निष्कर्ष निघतो.' खाली माझ्या सहीसाठी ठिपके. "तुझाच प्रयोग हे सिद्ध करतो. त्यांनी काहीतरी केलं, जे करायला नको होतं. काय केलं ते शोधणं हे आपलं काम नाही."

मी सही केली नाही. केली नाही म्हणण्यापेक्षा, उद्या करते म्हणाले. आणि सकाळची एस.टी. पकडून, न कळवता, पुन्हा मिरजेला गेले.

दारात चाची धने निवडत होती. "आत कामाला बसल्यात," ती म्हणाली. "जावा की तसंच."

मागच्या खोलीचे दार लोटलेले होते. लाकडाच्या भुशाचा आणि लाखेचा वास. कानशीची लय ऐकू येत होती, खर्र-खर्र, खर्र-खर्र, एखाद्या जुन्या ओवीसारखी एकसुरी. मी दार ढकलले.

चाचा पाटावर मांडी घालून बसले होते. कडेने कापलेला मोठा भोपळा त्यांनी मांडीच्या खोलगट खळग्यात धरला होता. डावा पाय त्याला बाहेरून आवळून होता, आणि ते कमरेतून पुढे-मागे, पुढे-मागे डुलत त्याची कड घासत होते. प्रत्येक घासेला त्यांची पाठ पुढे जाई. कमरेचे हाड मात्र मांडी घातल्याने मागे कलून पाटावर रोवलेले. त्या दोहोंमधली जागा, जिथे माझा स्क्रू होता, दर घासेला एकदा वर, एकदा खाली.

मी मनातल्या मनात मोजू लागले. मिनिटाला चाळीस. मग मोजणे सोडून दिले.

"चाचा, हे काय?"

"आकाराला यायलाय," ते भोपळ्याकडे बघत प्रेमाने म्हणाले. "जोडातला दुसरा. पयला झाला."

"तुम्ही खाली बसलाय!"

"खाली कुठं? पाटावर हाय की."

"कागदात लिहिलंय ना, जमिनीवर बसू नये म्हणून!"

"व्हय." ते अजून हसतच होते. "म्हणून तर पाट करून घेतला. तुणीचं लाकूड हाय, चार बोटं जाड. वर ही घोंगडी. जमिनीला कपडासुदीक लागू देत न्हाई. जमिनीचा गारवा कमरंत चढतो, आन् आत लोखंड असल्यावर तर जास्तच चढणार. डॉक्टरांनी आठवणीनं लिवलं, बरं झालं."

"मग नमाज?"

"नमाजाला डोकं जमिनीला टेकतंय न्हवं? म्हणून खुर्ची. तिथं पाट कसा चालंल?"

माझ्या आईचा आवाज कुठून तरी, वीस वर्षांपलीकडून येत होता. अगं, जमिनीवर बसू नकोस, पाट घे. जेवायला बसताना, पूजेला बसताना, आजारातून उठल्यावर. मराठी घरात हे वाक्य म्हणजे कुणाला उभे राहायला सांगणे नव्हे. खाली काहीतरी घे, एवढाच त्याचा अर्थ. हा अर्थ मला ठाऊक होता. चमच्याने भात खायला शिकण्याआधीपासून ठाऊक होता.

"आन् लई दमलो की," चाचांनी भोपळा बाजूला ठेवला, हात जमिनीला टेकवला आणि उठून तळपायांवर, गुडघे छातीशी घेऊन बसले, "मंग जरा असं. ह्याला तर तुमचीच परवानगी हाय."

"माझी?"

"कागदात हाय की."

"कुठे आहे?"

कागद समोरच्या भिंतीवर, खुंटीला दोरीने टांगलेला होता. त्याला प्लास्टिकचे वेष्टन होते. चाचांनी बसल्या बसल्या बोट केले. "वर समदं काय काय करू नये ते. आन् मंग सगळ्यात खाली, एकलंच, ठळक. उकिडवे. म्हंजे अगदीच बसायचं झालं तर उकिडवं बसावं. खरं सांगू का बाई? तसं बसलं की आत कळ येती. पर म्हणलं, लिवलंय तर कायतरी असंल."

चाची माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिला माझ्या पाठीवरूनच काहीतरी कळले असावे. "काय चुकलं का ह्यांचं?" तिने विचारले.

"उठा, चाचा," मी म्हणाले. "हळू. माझा हात धरा. ते माझं नाव आहे."

"काय?"

"उकिडवे. माझं आडनाव आहे ते. शाल्मली उकिडवे."

चाचा माझ्या हातावर भार देऊन उभे राहिले. त्यांनी कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग ते मनापासून, कमरेवर हात ठेवून हसले. "या अल्ला! हमीदा, ऐकलंस का? आठ म्हैनं मी बाईंच्या नावावर बसलोय!"

चाची हसली नाही. ती माझ्याकडेच बघत राहिली.

एस.टी.त मी झोळीतली फाईल उघडली. कविता करणारे लोक कच्चे खर्डे फेकत नाहीत. डॉक्टरांचे ते पॅडचे पान तसेच होते, तिरक्या, घाईच्या अक्षरात. नववी सूचना : 'मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. पाटावर पण नाही, गादीवर पण नाही. बसायचं तर खुर्ची.' त्यावर माझ्या शाईने मारलेली एकच सरळ रेघ.

त्या दिवशी बाबरमामांनी ते पान माझ्या टेबलावरून उचलून मोठ्याने वाचले होते. "उकिडवं बसायचं नाही! बाई, तुमच्यावर बंदी आली की!" सगळे हसले होते, सरसुद्धा. माझे कान तापले होते. हा शब्द बारा घरांत, बारा भिंतींवर टांगला जाणार, आणि त्याच्याच खाली माझे नाव असणार, हे मला दिसले. मी रेघ मारली आणि वर लिहिले : 'जमिनीवर बसू नये.' तीन शब्द. मला ते फार आवडले होते. पाट नाही, गादी नाही, मांडी नाही, देहाचा कुठलाही ओशाळवाणा तपशील नाही. ओळ कशी स्वच्छ, एखाद्या चांगल्या कवितेच्या शेवटासारखी.

मी थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले. टेबलावर त्यांचे पान ठेवले, शेजारी छापलेला कागद ठेवला, आणि सरांनी टंकलेल्या पानावर आडवी रेघ मारून तेही ठेवले. मग चाचांच्या पाटाचे, घोंगडीचे सगळे सांगितले. उकिडव्याचेही.

डॉक्टरांनी आपलेच अक्षर बराच वेळ वाचले.

"मी लिहिलं होतं," ते म्हणाले. "मांडी, पाट, गादी. सगळं लिहिलं होतं."

"हो. मी काढलं."

"का?"

"शब्द बरा वाटला नाही."

"कुणाला?"

पंखा फिरत होता. टेबलावरचे एक पान उडाले, त्यांनी ते पालथ्या हाताने दाबून धरले, आणि उत्तराची वाट न बघता फोन उचलला. "बाकीच्या अकरांना बोलवा," ते पलीकडच्या कुणाला तरी म्हणाले. "उद्या नाही, आजच निरोप द्या. आणि विचारा, घरात कशावर बसतात. 'बसता का' असं नाही विचारायचं. कशावर, आणि कसे." अकरांपैकी तिघे गादीवर मांडी घालत होते. कुणाचा स्क्रू अजून हलला नव्हता, एवढेच नशीब.

चाचांचे पुन्हा उघडले. जुने लांब स्क्रू काढून अधिक जाड, अधिक लांब घातले. ते टिकले. चाचांना काठी लागली नाही, पलंग लागला नाही. पण त्यानंतर ते मांडी घालून कधी बसले नाहीत. उंच ओटा करून, भोपळा लाकडी चापात धरून त्यांनी जोडातला दुसरा तंबोरा पुरा केला, आणि मग हात थांबवला. "वाजतोय चांगला," पुढे एकदा मला म्हणाले, "पर मांडीत नसला की आतून काय बोलतोय ते कळत न्हाई." मी त्यानंतर कविता लिहिली नाही. त्याची कुणाला खंत वाटावी असे काही नव्हते.

त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यातून घरी सोडायच्या सकाळी मी नवा कागद घेऊन त्यांच्या खाटेशी गेले. चाची पिशव्या भरत होती. चाचांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलीच सूचना, ठळक टायपात.

"'मांडी घालू नये. उकिडवे बसू नये. पाटावर नाही, गादीवर नाही, घोंगडीवरही नाही.'" ते थांबले. त्यांनी कागदाच्या तळाशी पाहिले, मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

"बाई, खाली ह्या टायमाला तुमचं नाव न्हाई?"

"वर घेतलंय, चाचा."